हाफ डाइम आणि सुरुवातीची अमेरिकन चांदीची चिल्लर: संग्रह कसा करावा, मोल कसं ठरवावं?

चवलीपावली

नमस्कार मंडळी. इथे शिवराई, होन, सुरती रुपये यांवर सुंदर धागे आहेत. अमेरिकन नाण्यांचा विषय निघाला की मात्र गाडी मॉर्गन डॉलरपाशी थांबते. मी फिलाडेल्फियाजवळ राहतो आणि माझा जीव जडलाय तो त्याहून कितीतरी लहान आणि जुन्या नाण्यांवर, म्हणजे १७९२ ते १८३७ या काळातल्या हाफ डाइम आणि डाइमवर.

हाफ डाइम म्हणजे पाच सेंट, पण चांदीचं. आज अमेरिकेत पाच सेंटला जे जाड 'निकेल' मिळतं ते पुष्कळ नंतरचं. मूळ हाफ डाइमचं कायदेशीर वजन १.३५ ग्रॅम आणि व्यास साडेपंधरा-सोळा मिलिमीटर. ज्यांच्याकडे व्हिक्टोरियाची चांदीची चवली असेल त्यांनी ती तळहातावर ठेवून बघा, जवळपास तेवढंच. डाइम याच्या दुप्पट, २.७० ग्रॅम. चांदीचं प्रमाण हजारात ८९२.४, कारण २ एप्रिल १७९२च्या कायद्यात १६६४ भागांत १४८५ भाग शुद्ध चांदी असं अवघड गणित घालून ठेवलं होतं. ते १८३७ साली सरळ ९०० झालं.

सुरुवातच विलक्षण आहे. जुलै १७९२मध्ये टांकसाळीची इमारतही उभी नव्हती. जॉन हार्पर नावाच्या कारागिराच्या तळघरात पहिली हाफ डाइम पाडली गेली आणि १३ जुलैला थॉमस जेफरसन यांनी १५०० नाणी मिळाल्याची नोंद आपल्या वहीत केली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला वॉशिंग्टन यांनी काँग्रेसपुढच्या भाषणात सांगितलं की चिल्लरीची टंचाई असल्यामुळे हाफ डाइमपासून छोटीशी सुरुवात केली आहे. मार्था वॉशिंग्टन यांची चांदीची भांडी वितळवून ही नाणी केली, अशी एक गोष्ट तुम्हाला प्रत्येक प्रदर्शनात ऐकवतील. गोष्ट गोड आहे, पण पुराव्याच्या नावाने काही नाही. तिच्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

मग रोजच्या टांकसाळीतली नाणी येतात. १७९४ आणि १७९५ची, मोकळ्या केसांच्या 'लिबर्टी'ची, म्हणजे स्वातंत्र्यदेवतेची. दोन्ही वर्षांची मिळून ८६,४१६ आणि गंमत म्हणजे १७९४ सन असलेलीसुद्धा १७९५मध्येच पाडलेली. १७९६-९७मध्ये वस्त्र पांघरलेली लिबर्टी आणि मागे छोटा गरुड. १८०० ते १८०५ तीच लिबर्टी, मागे ढालीवाला मोठा गरुड (यात १८०४ सनाचं हाफ डाइम नाहीच). मग मोठा खंड. १८२९ ते १८३७ टोपीवाली लिबर्टी.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने या शेवटच्या गटापासूनच करावी, असं माझं ठाम मत आहे. १८३५ साली २७,६०,००० हाफ डाइम निघाली. आजही न घासलेलं, मध्यम झिजलेलं, व्हीएफ (व्हेरी फाइन) दर्जाचं नाणं सव्वाशे-दीडशे डॉलरच्या आसपास मिळतं. हेच १७९५चं पार गुळगुळीत झालेलं घ्यायला गेलात तरी हजाराच्या वर जाता.

आणि मुद्दा मोलाचा. १.३५ ग्रॅमच्या नाण्यात शुद्ध चांदी साधारण १.२० ग्रॅम. चांदी औंसाला ३० डॉलर धरली तर सव्वा डॉलरसुद्धा होत नाही. म्हणजे उरलेलं सगळं मोल पृष्ठभागाचं, छापाचं आणि किती नग जगले याचं. ते वाचायचं कसं, यावर इथे बोलू या. ज्यांच्याकडे अशी नाणी आहेत त्यांनी फोटो जरूर टाका.

नाणेघाटकर

वा! वाखुसा (वाचनखूण साठवली). एक शंका. १८०५नंतर थेट १८२९? चोवीस वर्षं हाफ डाइम पाडायचंच नाही, याचं कारण काय? चिल्लर लागत नव्हती का?

चवलीपावली

लागत होती हो, खूप लागत होती. पण तेव्हाची टांकसाळ स्वतःहून चांदी विकत घेऊन नाणी पाडत नव्हती. बँका आणि व्यापारी चांदी आणून द्यायचे आणि कुठली नाणी हवीत तेही तेच सांगायचे. बँकेला हजारो डॉलर मोजून ठेवायला अर्धा डॉलर सोयीचा. पाच सेंटची हजारो नाणी मोजत कोण बसणार? त्यात मेक्सिको आणि पेरूकडून आलेले स्पॅनिश रियाल, अर्धे रियाल बाजारात खुशाल चालत होते. ते १८५७पर्यंत अमेरिकेत कायदेशीर चलन होते! सामान्य माणसाची गरज त्या परक्या चांदीवर भागत होती.

त्यामुळेच १८०५पर्यंतच्या हाफ डाइमचे आकडे एवढे लहान दिसतात. १८०५ची फक्त १५,६००. पुढे ४ जुलै १८२९ला फिलाडेल्फियाच्या दुसऱ्या टांकसाळीची कोनशिला बसवली तेव्हा तिच्यात नवी नाणी ठेवली होती, त्यांत ही टोपीवाली हाफ डाइमही होती. तिथून मालिका पुन्हा सुरू झाली ती १८७३पर्यंत.

मीनल_एडिसन

दादा, फार चांगला विषय. माझ्याकडे एक नाणं आहे. आमच्या शेजारच्या आजी घर विकून मुलाकडे गेल्या तेव्हा त्यांनी मला दिलं. १८३५, मागे गरुडाखाली '५ सी.' असं आहे. काळं-करडं पडलंय, कडेला थोडी निळसर झाक आहे. आई इथे आली आहे, ती म्हणते चिंच लावून दे, देवाच्या चांदीसारखं लख्ख होईल. लावू का?

चवलीपावली

ताई, कृपा करून लावू नका. चिंच नाही, राखुंडी नाही, दंतमंजन नाही, चांदी धुवायचं पाणीही नाही. आईंना माझा नमस्कार सांगा आणि नाणं आजच्या आज त्यांच्या नजरेआड ठेवा.

कारण नीट सांगतो, नुसतं 'नको' म्हटलं तर पटत नाही. ठशाचा दाब बसतो तेव्हा धातू मधून कडेकडे वाहतो आणि पृष्ठभागावर केसाहून बारीक रेषा उमटतात. नाणं दिव्याखाली कललं की या रेषांवरून प्रकाशाची पट्टी फिरते. ती म्हणजे टांकसाळीची चकाकी. वापरात झिजलेल्या नाण्यातही ती अक्षरांच्या आडोशाला, ताऱ्यांच्या खोबणीत थोडी शिल्लक असते. राखुंडी त्या रेषा खरवडून काढते आणि तिथे स्वतःचे ओरखडे सोडते, सगळे एका दिशेने. चिंचेतलं आम्ल ओरखडे पाडत नाही, पण वरचा थर खाऊन टाकतं. मग नाणं पांढरं दिसतं, पण मेलेलं. तुमच्याकडे जी निळसर झाक आहे ती जवळजवळ दोनशे वर्षं हवेतल्या गंधकाने चढवलेली आहे. ती पुन्हा आणता येत नाही. कृत्रिमपणे आणतात, पण जाणकाराला ते एका नजरेत कळतं.

व्यवहारात बोलायचं तर घासलेल्या हाफ डाइमची किंमत त्याच झिजेच्या मूळ नाण्याच्या निम्म्यावर येते, कधी आणखी खाली. दर्जा ठरवणाऱ्या पीसीजीएस किंवा एनजीसी या कंपन्यांकडे पाठवलं तर दर्जाचा आकडा मिळत नाही. 'डिटेल्स' असा शेरा आणि पुढे 'क्लीन्ड' लिहून येतं.

एकच अपवाद. नाणं मऊ प्लास्टिकच्या जुन्या पाकिटात राहून त्यावर हिरवट चिकट थर आला असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून ठेवावं आणि न पुसता वाळू द्यावं. शुद्ध म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातलं. नखांचा रंग काढायचं नव्हे, त्यात तेल आणि सुगंध असतात.

दोन्ही बाजूंचे फोटो टाका, वरून आणि तिरप्या उजेडात. आणि जमलं तर वजन.

सराफकट्टा

वजनाचा विषय निघाला म्हणून लिहितो, आमचा पिढीजात धंदा तोच. खोट्या नाण्याची पहिली परीक्षा वजन आणि दुसरी घनता, हे बरोबर. ८९२ चांदीची घनता साधारण १०.३ येते. पण एवढ्या बारीक नगावर घनता काढताना लोक फसतात. १.३५ ग्रॅमचं नाणं पाण्यात बुडवलं की वजन घटतं फक्त ०.१३ ग्रॅम. घरातल्या काट्यावर ०.०१ ग्रॅमपर्यंतच दिसतं. शेवटच्या आकड्यात एकाची चूक झाली तर उत्तर साडेनऊही येईल आणि सव्वाअकराही. म्हणजे खोटं खरं ठरेल आणि खरं खोटं. मिलिग्रॅम दाखवणारा सराफी काटाच पाहिजे आणि नाण्याला चिकटलेला हवेचा बुडबुडा ब्रशने काढला पाहिजे.

आमच्याकडे सवयीने कसोटीवर कस लावायला जातात. नाण्याला कधीही लावू नये.

चवलीपावली

सराफकट्टा, फार मोलाची माहिती. हे मी कुठल्याही अमेरिकन मंचावर इतकं नेमकं वाचलेलं नाही. माझी भर एवढीच की झिजेनेही वजन उतरतं. गुळगुळीत झालेलं हाफ डाइम १.२५पर्यंत उतरलं तरी घाबरू नये. उलट सगळं नक्षीकाम शाबूत आणि वजन १.२५, तर मात्र संशय घ्यावा. ओतीव नकलेत शेतावर, म्हणजे चित्राभोवतीच्या सपाट भागावर बारीक खड्डे दिसतात आणि कडेच्या उभ्या रेघा बोथट असतात. खऱ्याच्या रेघा झिजल्या तरी तळाशी टोकदार राहतात.

अभिजित_बे_एरिया

धागा छान. पण एक कळत नाही. १८०२च्या हाफ डाइमची संख्या ३,०६० सांगतात. १७९४-९५ची छपाई ८६,४१६, तरी तीही महागच. मग छपाईचा आकडा बघायचा की काय बघायचं? गुंतवणूक म्हणून कुठलं घ्यावं?

चवलीपावली

अभिजित, छपाईचा आकडा हा फक्त पहिला इशारा. टांकसाळीच्या तेव्हाच्या नोंदी म्हणजे त्या वर्षी खजिन्याकडे दिलेली नाणी. त्यावर सन कुठला होता ते नोंदीत नसायचं. ठसा चांगला असेल तर जुन्या सनाचा ठसाही पुढच्या वर्षी वापरायचे, कारण पोलाद महाग आणि ठसे तडकायचे सारखे. म्हणून मी आकड्यापेक्षा किती नग उरले याकडे बघतो. १८०२ची जगात तीन-चार डझनच आहेत आणि त्यातली बहुतेक बरीच झिजलेली. हाफ डाइमवाल्यांसाठी ते शिखर. १८७०-एस (एस म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोची खूण) तर एकुलतं एक, तेही १९७८पर्यंत कुणाला माहीत नव्हतं. तिथल्या टांकसाळीच्या नोंदीतसुद्धा नाही.

दुसरी बाजू मागणीची. १७९५चं नाणं दुर्मीळ आहेच, पण 'प्रत्येक नमुन्याचं एक' जमवणारे सगळे ते मागतात, म्हणून भाव चढतो. उलट १८३०च्या दशकातल्या एखाद्या ठशाच्या जोडीचे (पुढचा आणि मागचा ठसा मिळून एक जोडी) मोजके नग उरलेले असतात, पण ठशांनुसार जमवणारे लोकच थोडे, म्हणून ते कधीकधी साध्या भावात मिळून जातं. हाफ डाइमच्या जोड्यांना 'एलएम' (लोगन-मॅक्लॉस्की) क्रमांक आहेत, डाइमच्या जोड्यांना 'जेआर'. जेआर म्हणजे जॉन राइश, टोपीवाल्या लिबर्टीचा जर्मन कोरक्या. दुपारभर भिंग घेऊन बसायची तयारी असेल तर खरी मजा इथे आहे.

गुंतवणुकीचं विचाराल तर मी नाही म्हणेन. लिलावात बोलीवर साधारण २० टक्के खरेदीदाराचा अधिभार बसतो, विकताना दलाल आपलं काढून घेतो. नाणं कित्येक वर्षं नुसतं बरोबरीला यायला घालवतं. आवडत असेल तरच घ्या.

अभिजित_बे_एरिया

हे पटलं. पण मग स्लॅबमधलीच, म्हणजे दर्जा ठरवून सीलबंद डबीत आलेलीच घ्यावीत ना? निदान दर्जाचा वाद राहत नाही.

नाणेघाटकर

माझं याला थोडं दुमत आहे. प्लास्टिकच्या डबीतलं नाणं कडेवरून कसं बघणार? आम्ही शिवराई हातात घेऊन शिकलो. डबीवरचा आकडा वाचायची सवय लागली की नाणं वाचायची सवय जाते.

चवलीपावली

दोघांचंही ऐकतो, पण माझा कल सांगतो. तीनशे डॉलरच्या वरचं नाणं असेल आणि अनुभव कमी असेल तर स्लॅबच घ्यावा, कारण नकली मालाचा सुळसुळाट झाला आहे. त्याखालचं, टोपीवाल्या लिबर्टीचं नाणं मात्र विश्वासू विक्रेत्याकडून सुटं घ्यावं, परत करायची मुभा लेखी घेऊन. सुट्या नाण्यावर हात बसला की स्लॅबमधलंही वाचता येतं.

आणि स्लॅबवरच्या 'एवढेच नग नोंदले गेले' या आकड्यावर फार विसंबू नका. लोक जास्त दर्जा मिळावा म्हणून तेच नाणं डबीतून काढून पुन्हा पुन्हा पाठवतात आणि जुनी चिठ्ठी परत देत नाहीत. एकच नाणं यादीत तीनदा मोजलं जातं.

ठाण्याची_प्राची

नमस्कार. मी लहान असताना बाबांच्या संग्रहात एक अमेरिकन डाइम पाहिलं होतं, १७९७ की ९८ आठवत नाही. परवा कपाट आवरताना मिळालं. १७९७ आहे आणि डाव्या-उजव्या कडेला मिळून १६ तारे मोजले. पण लिबर्टीच्या केसांवर आणि कडेवर समांतर खोल चरे आहेत, कुणीतरी कानस मारल्यासारखे. हे बिघडलेलं म्हणायचं का?

चवलीपावली

प्राची, हे वाचून मी खुर्चीतून उठलो. ते चरे बहुधा टांकसाळीतच कानस मारून पाडलेले आहेत. तेव्हा चांदीची चकती कापली की प्रत्येक नग तोलायचे. हलकी निघाली तर पुन्हा वितळवायची. भारी निघाली तर कानशीने थोडी घासून कायदेशीर वजनाला आणायची आणि मग ठसा मारायचा. ठशाच्या दाबाने बरेचसे चरे मिटायचे. पण नाण्याचा जो भाग सर्वांत उंच, म्हणजे केस आणि खांदा, तिथे धातू पूर्ण भरायचा नाही आणि चरे राहायचे. याला 'अॅडजस्टमेंट मार्क्स' म्हणतात आणि दर्जा ठरवणारे त्याला नुकसान मानत नाहीत. फार ठळक असले तर भाव थोडा उतरतो, एवढंच.

ओळखायची खूण: चरा तारा किंवा अक्षराच्या खालून जातो का बघा. अक्षर चऱ्यावर स्वार असेल, चऱ्याच्या काठाला उंच आलेली धार नसेल, तर काम टांकसाळीतलं. चरा अक्षराला छेदून पुढे जात असेल आणि काठ चमकत असेल, तर ते नंतर कुणीतरी केलेलं.

तारे सोळा म्हणजे टेनेसी. जून १७९६मध्ये ते सोळावं राज्य झालं. प्रत्येक राज्याला एक तारा, असा तेव्हाचा नेम होता. पण राज्यं वाढतच जाणार हे लक्षात आलं आणि टांकसाळ मूळच्या तेरांवर परत गेली. म्हणून १७९७च्या डाइमचे तेरा ताऱ्यांचे आणि सोळा ताऱ्यांचे असे दोन्ही प्रकार मिळतात. तेरावाला अधिक दुर्मीळ.

वजन २.७० ग्रॅमच्या आसपास आणि व्यास १९ मिलिमीटर आहे का, तेवढं आधी पाहा. मिलिग्रॅमचा काटा तुमच्या ओळखीच्या सराफाकडे असेलच.

सराफकट्टा

प्राचीताई, सराफाकडे नेताना आधीच बजावून सांगा, कसोटी नको, पॉलिश नको. आमच्यातली पोरं हातात आलं की कापडाने पुसतात, सवयच असते.

ठाण्याची_प्राची

लक्षात ठेवते, धन्यवाद दोघांनाही. ठाण्याच्या दमट हवेत ठेवायचं कसं? आणि समजा विकायचं ठरलं तर अमेरिकेतल्या लिलावात पाठवता येईल का?

चवलीपावली

ठेवायचं तर मायलारच्या कडक पारदर्शक पाकिटात किंवा कॅप्सूलमध्ये आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या, त्या पावसाळ्यात बदलत राहायच्या. रबर, लोकर, वर्तमानपत्र जवळ नको. रबरातलं गंधक चांदीचा सर्वांत मोठा शत्रू. पकडताना कडेला धरा, खाली मऊ कापड अंथरून.

पाठवण्याबद्दल मात्र काळजीपूर्वक वाचा. भारताच्या १९७२च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू धरलं जातं आणि खाजगी व्यक्तीने ते देशाबाहेर पाठवणं बेकायदा आहे. नाणं अमेरिकन आहे म्हणून कायदा लागू नाही असं गृहीत धरू नका. पोस्टाने पाकीट टाकणं तर अजिबात नको. विकायचंच ठरलं तर पुरातत्त्व खात्याकडे लेखी विचारणा करा, नाहीतर भारतातल्याच परवानाधारक लिलावगृहात द्या. जे परदेशातून भारतात अशी नाणी भेट म्हणून आणायचा विचार करतात, त्यांनीही लक्षात घ्यावं की एकदा आत आलेलं नाणं पुन्हा बाहेर नेणं सोपं नाही.

माझा सल्ला विचाराल तर ठेवा. बाबांनी ते कुठून मिळवलं याची चिठ्ठी, पावती, काही सापडलं तर नाण्यासोबत जपा. मालकीचा मागोवा ही या क्षेत्रात खरी भर असते.

मीनल_एडिसन

दादा, फोटो टाकलेत. स्थानिक दागिन्यांच्या दुकानात वजन केलं, १.३३ ग्रॅम. टोपीच्या पट्टीवर लिबर्टी हा शब्द पूर्ण वाचता येतो. गरुडाच्या पंखांची पिसं बऱ्यापैकी दिसतात, मानेवरची नाहीत. भोक नाही, वाकलेलं नाही. आईने हात लावलेला नाही!

चवलीपावली

सुंदर नाणं आहे ताई, अगदी मूळ. वजन अचूक. शब्द पूर्ण, केसांच्या बटा कानावर एकात मिसळलेल्या, कपड्यावरची पिन अर्धी शिल्लक, पंख तीन-चतुर्थांश. मी व्हीएफ-२५ किंवा ३० म्हणेन. कडेची निळी-करडी झाक कुठेही तुटलेली नाही, म्हणजे त्याला आजवर कुणी घासलेलं नाही. आज असं नाणं विक्रेत्याकडे दीडशेच्या आसपास दिसतं. तुम्ही विकायला गेलात तर शंभरभर येतील. स्लॅबसाठी पाठवण्यात अर्थ नाही, शुल्क आणि टपालच नाण्याच्या किमतीचा मोठा घास घेईल.

एक काम करा. १८३५ला सनाचे आकडे लहान आणि मोठे अशा दोन मापांचे आहेत आणि मागचं '५ सी.'सुद्धा दोन मापांचं. चारही जुळण्या सापडतात. फोटोत सन मला मोठा वाटतोय, पण मागच्या पाचाचं माप गरुडाच्या बाणांच्या सावलीत नीट कळत नाही. उजेड डावीकडून घेऊन मागच्या बाजूचा एक फोटो पुन्हा टाकाल का? मग एलएम क्रमांक शोधू या.

मीनल_एडिसन

संध्याकाळी टाकते. आई विचारतेय, आजींना फोन करून सांगायचं का त्यांचं नाणं कुठल्या काळचं आहे ते. मी म्हटलं, आधी क्रमांक कळू दे.

नाणेघाटकर

आजींना आजच फोन करा ताई, आणि त्यांच्याकडे ते कुणाकडून आलं तेही विचारून लिहून ठेवा. क्रमांक उद्याही कळेल.